भाषांचे नाते फरकांतून कळते

सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहणाऱ्या दोन युरोपीयांना एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी जाणवली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १५८३ साली आपल्या भावाला पत्र लिहिले आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे त्यात नोंदवले. ज्याचे ‘क्रिस्तपुराण’ पुढे १६१६ मध्ये राचोलला छापले गेले तोच हा स्टीफन्स, त्यामुळे त्याचा कान किती तयार होता हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी गोव्यातून घरी कळवत होता की देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे संस्कृत शब्द इटालियनमधल्या दिओ, सेर्पे, सेत्ते, ओत्तो, नोवे यांच्यासारखे आहेत. दोघांचे निरीक्षण अचूक होते, आणि दोघांच्याही निरीक्षणातून त्या काळी काही निघाले नाही. पत्रे खाजगी राहिली हे त्याचे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की दोघांनी पाहिला तो सारखेपणा, आणि भाषांच्या नात्याचा पुरावा म्हणून सारखेपणा फार कच्चा असतो. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एखाद्या समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम आता कदाचित उरलाही नसावा, असे म्हटले. हे पाऊल मोठे होते. तरीही त्याच व्याख्यानात त्याने इजिप्शियन, चिनी, जपानी आणि पेरूचे लोकही त्याच नात्यात ओढले. खरे नाते आणि भासमान नाते यांत निवड करायची कसोटी त्याच्याजवळही नव्हती.

ती कसोटी पुढच्या शतकात सापडली, आणि ती बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट निघाली. दोन भाषा किती सारख्या आहेत यावरून त्यांचे नाते ठरत नाही. त्या किती नियमाने वेगळ्या आहेत यावरून ठरते. हे मान्य करायला मन लवकर तयार होत नाही, म्हणून काही उदाहरणे पाहावीत. ग्रीक भाषेत देवाला ‘थेओस’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘देउस’. अर्थ एकच, आवाज जवळजवळ एकच, दोन्ही भाषा शेजारच्या आणि एकाच कुळातल्या. तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कोणी नाहीत. संस्कृतातल्या आरंभीच्या ‘ध’च्या जागी ग्रीकमध्ये ‘थ’ येतो आणि लॅटिनमध्ये ‘फ’: धूम, थूमोस, फूमुस. ‘द’च्या जागी मात्र दोन्हीकडे ‘द’च राहतो. त्यामुळे संस्कृत ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ एका मुळाचे ठरतात, ग्रीक ‘थेओस’ बाहेर राहतो, आणि ‘देव’चा ग्रीक नातलग शोधायचा तर तो ‘झेउस’ या नावात सापडतो. फारसीतला ‘बद’, जो आपण बदनाम आणि बदफैली या शब्दांत वापरतो, आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि नाते काहीच नाही. मलय भाषेत डोळ्याला ‘माता’ म्हणतात आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘माती’. तोही निव्वळ योगायोग. भाषेतले ध्वनी मोजके आणि शब्द हजारोंनी, तेव्हा असे योगायोग घडणारच. उलट मराठी ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही व्यंजन समान नाही, पण ते एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. त्याच शब्दाचे ग्रीक रूप फिरत फिरत ‘सायकल’मधून आपल्याकडे पुन्हा आले.

मग ‘चाक’ आणि ‘व्हील’ एका घरचे, हे कशावरून? नियमावरून. हा नियम म्हणजे काय ते समजायला युरोपात जाण्याचे कारण नाही. मराठी आणि हिंदी पुरेशा आहेत. मराठीत ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, हिंदीत ‘पूछना’. मराठीत मासा, हिंदीत मछली. कासव आणि कछुआ. उसळणे आणि उछलना. वासरू आणि बछड़ा. सहा आणि छह. सुरी आणि छुरी. सावली आणि छाँव. हिंदीत जिथे ‘छ’ तिथे मराठीत ‘स’, आणि हे एका शब्दात नव्हे, ओळीने. त्यापुढे ‘इ’ किंवा ‘ए’ असेल तर मराठी ‘स’चा ‘श’ होतो, म्हणून हिंदीत ‘छूना’ आणि मराठीत स्पर्श या अर्थाचे ‘शिवणे’. आता योगायोगाने एक जोडी जुळेल, दोन जुळतील. पण मासा, कासव, वासरू, सहा, सुरी यांसारख्या एकमेकांशी अर्थाने काहीही संबंध नसलेल्या शब्दांत तोच फरक त्याच जागी दिसत राहिला, तर त्याचे एकच स्पष्टीकरण उरते. कधी काळी या दोन्ही भाषांची पूर्वज एकच भाषा होती, त्या भाषेत या सर्व शब्दांत एकच ध्वनी होता, आणि पुढे महाराष्ट्रात त्या ध्वनीने एक वाट धरली व उत्तरेत दुसरी. लोकांनी ठरवून शब्द बदलले नाहीत. उच्चार बदलला, आणि तो ध्वनी असलेले सगळे शब्द त्याच्यासोबत बदलले. उसने घेतलेले शब्दही याच नियमाने उघडे पडतात. छंद आणि छाया या शब्दांत आपण ‘छ’ म्हणतो, कारण ते बदल होऊन गेल्यावर संस्कृतातून जसेच्या तसे उचलले. ‘छावणी’ उत्तरेकडून आली. ‘छाया’ आणि ‘सावली’ मुळात एकच शब्द आहेत. एक ग्रंथातून आला, दुसरा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडून.

याच पद्धतीने मधले, आज कोणी न बोलणारे टप्पेही हाती लागतात. मराठीत ‘फळ’ म्हणताना ‘ळ’ येतो, पण ‘फूल’ म्हणताना ‘ल’. ‘काळ’ म्हणजे वेळ, ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस. झाडाचे ‘मूळ’, पण वस्तूचे ‘मोल’. हिंदीत या सगळ्या शब्दांत ‘ल’च आहे. मराठी माणूस हा फरक विचार न करता रोज पाळतो, पण तो आला कुठून? संस्कृतात फल, काल, मूल यांत एकेरी ‘ल’ आहे. फुल्ल, कल्य, मूल्य यांत जोडाक्षर आहे. प्राकृतात ‘ल्य’चा ‘ल्ल’ झाला, म्हणजे कल्ल, मोल्ल. स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला. दुहेरी ‘ल्ल’ मात्र त्या बदलातून वाचला आणि नंतर एकेरी होऊन ‘ल’ म्हणून टिकला. याचा अर्थ असा की ‘काल’ आणि ‘मोल’ हे शब्द प्राकृताच्या टप्प्यातून गेल्याशिवाय आजच्या रूपाला पोचूच शकत नाहीत. समजा, प्राकृतातले सारे ग्रंथ नष्ट झाले असते, तरी मराठी, गुजराती आणि हिंदी समोर ठेवून कोणीतरी हा दुहेरी ‘ल’ तर्काने शोधून काढला असता. फ्रेंच विद्वान झ्यूल ब्लोक याने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरच्या ग्रंथात अशाच ध्वनींच्या हिशेबाने आपल्या भाषेचा इतिहास मांडला, आणि मराठीच्या अभ्यासकाला आजही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

युरोपात हीच पद्धत रास्मुस रास्क आणि याकोब ग्रिम यांच्या हातून १८१८ ते १८२२ या काळात आकाराला आली. संस्कृत-लॅटिनमधला ‘प’ इंग्रजी-जर्मन गटात ‘फ’ होतो, ‘द’ तिथे ‘ट’ होतो. हे तपासायला मराठी शब्दही चालतात: पाय आणि फूट, पाच आणि फाइव्ह, दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. पण इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहिला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. नियम म्हणता, मग अपवाद कसे? संस्कृतात भ्रातृ आणि पितृ दोन्हींत ‘त’ आहे. मग जर्मनमध्ये ‘ब्रूडर’मध्ये ‘ड’ आणि ‘फाटर’मध्ये ‘ट’ असे दोन वेगळे ध्वनी का? पन्नासेक वर्षे हे कोडे सुटले नाही. कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली छापलेल्या लेखात त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर वैदिक स्वरांत सापडले. वैदिक उच्चारात ‘भ्रातृ’ या शब्दाचा उदात्त पहिल्या अक्षरावर आहे आणि ‘पितृ’चा दुसऱ्यावर. आघात त्या व्यंजनाच्या लगेच आधी होता की नव्हता यावर जर्मन गटातला ध्वनी ठरला. जर्मन गटाने तो जुना आघात केव्हाच गमावला होता. भारतातल्या वेदपाठकांनी मुखोद्गत परंपरेने तो जपला होता. हजारो मैलांवरच्या भाषेतला अपवाद इथल्या उदात्त-अनुदात्ताने उलगडावा, यापेक्षा या पद्धतीची आणखी कोणती खात्री हवी?

तरी एक आणखी मोठी खात्री आहे, कारण ती भाकिताची आहे. फेर्दिनां द सोस्यूर याने एकविसाव्या वर्षी, १८७९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात, स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब मांडता मांडता असा निष्कर्ष काढला की मूळ इंडो-युरोपीय भाषेत असे काही ध्वनी असलेच पाहिजेत, जे तोवर माहीत असलेल्या एकाही भाषेत टिकलेले नव्हते. अनेकांना हे कागदावरचे गणित वाटले. १९१५ मध्ये बेद्रीख ह्रोझ्नी याने तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या इष्टिका वाचल्या आणि ती भाषा याच कुळातली निघाली. १९२७ मध्ये येझी कुरीलोविच याने दाखवून दिले की सोस्यूरने ध्वनी सांगितला होता तिथे हित्तीत खरोखर ‘ह’सारखे व्यंजन उभे आहे: संस्कृत ‘अस्थि’, हित्ती ‘हस्ताइ’. सोस्यूर तोवर हयात नव्हता. जे शास्त्र न पाहिलेल्या ध्वनीची जागा आधी सांगते आणि पुढे ती जागा भरलेली आढळते, त्याला केवळ शब्दांची जुळवाजुळव म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे या विषयावर बोलताना एक समज हमखास पुढे येतो: संस्कृत ही सगळ्यांची आई, ग्रीक-लॅटिनही तिच्याच लेकी. संस्कृतविषयीचा आदर योग्यच आहे, पण हे विधान संस्कृतच स्वतः खोडून काढते. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ आणि त्याच अर्थाचा लॅटिन ‘क्वे’ एकाच मुळाचे आहेत. क-वर्गाचा ‘च’ व्हायला पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ सारखा स्वर लागतो. मग संस्कृतात ‘च’च्या पुढे ‘अ’ असताना हा बदल झालाच कसा? कारण तो ‘अ’ आधी ‘ए’ होता, लॅटिनमध्ये आहे तसाच. शाळेत पाठ केलेले ‘चकार’ हे रूप पाहावे. ‘कृ’ धातूचे द्वित्व झाले, पण पुढचा ‘क’ ‘च’ झाला आणि मागचा ‘क’च राहिला. ग्रीकमध्ये अशा द्वित्वाच्या पहिल्या अक्षरात ‘ए’ असतो. संस्कृतातही तो होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’ झाला. म्हणजे या एका बाबतीत ग्रीक आणि लॅटिन संस्कृतापेक्षा जुने रूप सांभाळून आहेत, जशी स्वराघाताच्या बाबतीत संस्कृत त्यांच्या पुढे आहे. बहिणींपैकी प्रत्येकीने आईचे काही ठेवले, काही टाकले. आई मात्र त्यांपैकी कोणीच नाही.

हाच न्याय द्राविडी भाषांना लावला की या पद्धतीचे सामर्थ्य अधिक लख्ख दिसते, कारण तिथे वेदांइतक्या जुन्या ग्रंथांचा आधार नाही. मद्रासचा कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ साली कॅम्बेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचे धातू शेजारी शेजारी मांडले आणि या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत, त्यांचे आपले वेगळे कूळ आहे, असे ठामपणे सांगितले. रॉबर्ट काल्डवेल याने १८५६ मध्ये त्या कुळाचे तौलनिक व्याकरण लिहिले आणि त्यात गोंडीलाही जागा दिली. विदर्भापासून तेलंगण, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशापर्यंत पसरलेली, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची गोंडी आजही कित्येकांना मराठी-हिंदीची बोली वाटते. पुरावा काय सांगतो? गोंडीत पाच म्हणजे ‘सैयुंग’, सहा म्हणजे ‘सारुंग’, मीठ म्हणजे ‘सोवर’. तमिळमध्ये हेच ‘ऐन्दु’, ‘आरु’, ‘उप्पु’. कन्नडमध्ये ‘ऐदु’, ‘आरु’, ‘उप्पु’. गोंडीच्या आरंभी ‘स’ आहे, तमिळ-कन्नडमध्ये तिथे काहीच नाही, आणि तिन्ही शब्दांत तसेच आहे. मूळ द्राविडीतला आरंभीचा ध्वनी दक्षिणेत गळून पडला, गोंडीने तो ‘स’च्या रूपात ठेवला. आणि ही गळती आजही चालू आहे. काही गोंडी बोलींत ‘सोवर’, काहींत ‘होवर’, आणखी दक्षिणेकडे ‘ओवर’. दक्षिणेतल्या भाषांत इतिहासपूर्व काळात जे घडून गेले, ते गोंडीच्या गावोगावी टप्प्याटप्प्याने घडताना दिसते. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी १९९८ साली या बदलाचा शब्दवार अभ्यास प्रसिद्ध केला. ध्वनी शब्दाशब्दांतून कसा पसरत जातो आणि शेवटी नियम कसा पुरा होतो, हे त्यातून कळते. गोंडी ‘सारुंग’ आणि मराठी ‘सहा’ दोन्ही ‘स’ने सुरू होतात म्हणून कोणी त्यांना जोडायला जाईल. पण मराठीतला ‘स’ कोणत्या वाटेने आला हे वर पाहिले. गोंडीतल्या ‘स’ची वाट निराळी आहे.

इथे सर्वांत अवघड आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. मराठी तर द्राविडी भाषांच्या शेजारात, काही अंशी त्यांच्याच भूमीवर वाढली. तिच्यात अण्णा, अक्का, अप्पा आहेत. म्हणजे नात्यागोत्याचे अगदी घरगुती शब्दच तिकडचे. हिंदीला जो भेद माहीत नाही तो आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत करतो, ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्यासकट. तमिळ आणि तेलुगूत हाच भेद आहे. ‘येतो म्हणून म्हणाला’ ही वाक्याची ठेवण दक्षिणेची आहे. विश्वनाथ खैरे यांनी मराठीची मुळे तमिळकडे शोधण्यासाठी मोठे परिश्रम घेतले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये असे सुचवले की मराठीचा उगमच भिन्न भाषिकांच्या संकरातून झाला असावा. हे सारे दुर्लक्षिण्याजोगे मुळीच नाही. मराठीवरचा द्राविडी ठसा आपल्या पाठ्यपुस्तकांनी फार काळ हात राखून सांगितला, असे माझे मत आहे. तरीही मराठीचे कूळ यामुळे बदलत नाही, कारण शेजाऱ्याकडून काय घेतले जाते आणि वारशाने काय येते यांत फरक करता येतो. शब्द घेतले जातात, अगदी अंकसुद्धा घेतले जातात. वाक्यरचनेची ठेवण तर फार सहज उचलली जाते. पण अनियमित रूपे, ज्यांना आज कोणताही तर्क उरलेला नाही आणि जी मूल आईबापांच्या तोंडून ऐकूनच शिकते, ती उसनी घेणे फार दुर्मीळ आहे. मराठीत ‘जातो’, पण ‘गेला’. हिंदीत ‘जाता’, पण ‘गया’. बंगालीत ‘जाय’, पण ‘गेलो’. जाण्याच्या क्रियापदाला भूतकाळात दुसराच धातू लागावा ही विसंगती मराठीने बंगालकडून किंवा बंगालने मराठीकडून घेतलेली नाही. दोघींना ती एकाच ठिकाणाहून मिळाली. ‘आपण’चे पाहावे: भेद दक्षिणेकडचा, पण शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला. घडण शेजाऱ्यांची, माल घरचा.

हे किती टोकाला जाऊ शकते याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका गावाचा अभ्यास छापला. त्यांनी त्याला ‘कुपवार’ म्हटले आहे. तिथे जैन कुटुंबांत कन्नड, मुसलमान कुटुंबांत उर्दू, आणि गावच्या सामाईक व्यवहारात मराठी, असे शतकानुशतके चालत आले. परिणामी या तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी एकरूप झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवत दुसरीत नेता यावे. आणि तरीही प्रत्येकीचे शब्द आणि प्रत्यय आपापले राहिले. कोणत्या वाक्यातला कोणता तुकडा कन्नडचा आणि कोणता मराठीचा, हे ऐकणाऱ्याला लगेच सांगता येते. शेजार आणि वंश ही दोन वेगळी नाती आहेत. दोन्ही खरी आहेत, आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. मरी एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले, ते हेच पहिले नाते नीट ओळखण्यासाठी. खरोखर दोन कुळांत विभागलेल्या भाषा जगात अगदीच नाहीत असेही नाही. कॅनडातली मिशिफ क्रियापदे क्री भाषेची वापरते आणि नामे बहुतांशी फ्रेंच. पण अशी उदाहरणे इतकी थोडी आहेत आणि इतक्या विशेष परिस्थितीत घडलेली आहेत की त्यांवरून सर्वसाधारण नियम मोडत नाही. मराठीत राज्यकारभारातून फारसी शब्दांचा लोंढा आला; शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला आणि त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवले गेले. दोन्ही घटना मराठीच्या इतिहासात मोठ्या आहेत. तिचे कूळ पहिलीनेही बदलले नाही आणि दुसरीनेही नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आउगुस्ट श्लायखर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भाषाकुळाचे जे झाडाचे चित्र काढले, ते सोयीचे आहे पण अपुरे आहे. भाषा फांद्यांसारख्या एका क्षणी फुटून वेगळ्या होत नाहीत. फुटल्यावरही शेजारी राहतात आणि एकीतला बदल दुसरीत पसरतो. योहानेस श्मिट याने १८७२ मध्येच झाडाऐवजी पसरणाऱ्या लाटांचे चित्र सुचवले होते, आणि मराठी, गुजराती, कोकणी यांच्यासारख्या लगतच्या भाषांना तेच अधिक लागू पडते. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादात म्हणूनच ध्वनिनियमांना साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. दोघींचे नाते किती जवळचे हे ते नियम सांगतील. भाषा कोणती आणि बोली कोणती हे समाज ठरवतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक ठरला. भाषाकुळाला वंश समजण्याची चूक युरोपात आणि आपल्याकडेही झाली, आणि तिची किंमत माणसांनी मोजली. माक्स म्युलरनेच १८८८ साली स्पष्ट बजावले होते की आर्य हे नाव भाषेला लागू आहे, रक्ताला किंवा कवटीला नाही. महाराष्ट्रात हे समजायला पुस्तकाची गरज नाही. कोकणातले बेने इस्रायली धर्माने ज्यू आणि मातृभाषेने मराठी. त्यांच्यातले बरेचजण आज इस्रायलमध्ये आहेत. तंजावरात साडेतीनशे वर्षे तमिळांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांची घरातली मराठी आर्यभारतीयच राहिली. भाषा मुलाला घरातून आणि परिसरातून मिळते, जन्माने नाही.

आणि या पद्धतीची एक सीमा आहे, जी तिच्या बलस्थानातूनच निघते. ती फरकांच्या नियमितपणावर उभी आहे, आणि काळ जसा लोटतो तसे जुळणारे शब्द कमी होत जातात. साधारण आठ-दहा हजार वर्षांपलीकडे उरलेली साम्ये योगायोगापासून वेगळी काढता येत नाहीत. त्यामुळे दोन भाषांचे नाते सिद्ध करता येते, पण नाते नाही हे कधीच सिद्ध करता येत नाही. मराठी आणि कन्नड वेगळ्या कुळांतल्या आहेत याचा नेमका अर्थ एवढाच की त्यांना जोडणारा नियमित पुरावा कोणी दाखवलेला नाही. जिथे पुरावा पुरतो तिथे मात्र ही पद्धत फार लांब पोचते. मेळघाटातल्या कोरकूत डोळा म्हणजे ‘मेड’, संताळीत ‘मेत’, आणि थेट व्हिएतनामीत ‘मात’. नाक कोरकू आणि संताळीत ‘मू’, व्हिएतनामीत ‘मुई’. एवढ्या दोन शब्दांवर काही ठरत नाही, मलय ‘माता’चा धडा वर घेतलाच आहे. पण व्हिल्हेल्म श्मिट याने १९०६ साली आग्नेय आशियातल्या भाषा आणि कोरकू-संताळीसारख्या मुंडा भाषा यांना एका कुळात मांडल्यापासून शंभरेक वर्षांत शब्दांच्या आणि ध्वनींच्या अशा रांगाच्या रांगा तपासल्या गेल्या, आणि अमरावती जिल्ह्यातली कोरकू मेकाँगच्या काठच्या भाषांची दूरची नातलग ठरली.

कोरकूच्या अगदी शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात आणि लगतच्या मध्य प्रदेशात, निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीत तिची नोंद कोरकूच्या अंगाने झाली, आणि वरवर पाहता ते बरोबर वाटते, कारण निहालीचा शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणात कोरकूतून आलेला आहे. दोन, तीन, चार यांसाठीचे अंक द्राविडी वळणाचे आहेत, पुढचे आर्यभारतीय. पण हे सगळे उसने बाजूला काढले की मागे एक लहानसा साठा उरतो, जो कोरकूशी, गोंडीशी, मराठीशी, कोणाशीच नियमाने जुळत नाही. १९६२ मध्ये कायपर या डच विद्वानाने याच उरलेल्या शब्दांकडे लक्ष वेधले, आणि आज निहाली एकाकी भाषा म्हणून गणली जाते. म्हणजे एकट्या महाराष्ट्रात तीन भाषाकुळे नांदतात, आणि चौथी भाषा अशी की जिचे कूळ म्हणजे ती स्वतःच. तिला कधी काळी नातलग होते का, हे कळायची जी काही शक्यता आहे ती या थोड्याशा घरच्या शब्दांत, अवयवांच्या नावांत आणि क्रियापदांच्या वेड्यावाकड्या रूपांत आहे. निहाली बोलणारे बहुतेक सगळे कोरकू, मराठी किंवा हिंदीही बोलतात, आणि पुढची पिढी जो शब्द विसरते तो बहुधा या घरच्या साठ्यातलाच असतो. कोशात उसना शब्द कमी पडला तर तो कोरकूतून पुन्हा मिळेल. निहालीचा आपला शब्द गेला, तर तो दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून तिची नोंद करणाऱ्याने सुरुवात याच शब्दांपासून करायला हवी, आणि ती आज तिशी-चाळिशीत असलेल्या बोलणाऱ्यांच्या हयातीत पुरी व्हायला हवी.